पी०१३५ आणि पी०१४१ : ऑक्सिजन सेन्सर विकत घेण्यापूर्वी

चेक इंजिनचा दिवा लागला, गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पडद्यावर ‘ऑक्सिजन सेन्सर’ हे शब्द उमटले आणि लगेच नव्या सेन्सरची किंमत सांगण्यात आली, हा क्रम आपल्याकडे इतका रुळला आहे की त्यातली मधली पायरी गळून पडल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. ती पायरी तपासणीची. स्कॅनरवरचा कोड कोणता भाग बिघडला हे सांगत नाही. इंजिनच्या कंप्युटरला, म्हणजे ईसीएमला, कोणत्या सर्किटमध्ये किंवा कोणत्या आकड्यात काय खटकले एवढेच तो सांगतो. ऑक्सिजन सेन्सरच्या, म्हणजे इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन जोखणाऱ्या सेन्सरच्या, बाबतीत हा फरक खिशाला जाणवण्याइतका मोठा आहे, कारण या सेन्सरशी जोडल्या जाणाऱ्या कोडांपैकी काही खरोखरच त्याच्याबद्दल असतात, तर काहींमध्ये सेन्सरने आपले काम चोख बजावलेले असते आणि दोष दुसरीकडेच असतो.

नेरूळमध्ये सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी राहणारी माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी बीएस-४ काळातली आहे. पावसाळ्याच्या अखेरीस तिच्यात पी०१३५ आणि पी०१४१ हे दोन कोड एकाच वेळी आले. पहिला कोड पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटचा आणि दुसरा मागच्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा. सर्व्हिस सेंटरने दोन्ही सेन्सर बदलण्याचे एस्टिमेट दिले. मी ते घेऊन गाडी परत आणली, कारण वेगवेगळ्या जागी बसवलेले आणि वेगवेगळ्या तापमानाला राबणारे दोन सेन्सर एकाच दिवशी हीटर जळून निकामी व्हावेत, हा योगायोग मला पटेना. घरातल्या दोन खोल्यांचे दिवे एकदम गेले की आपण दोन्ही बल्ब बदलायला धावत नाही, आधी फ्यूज पाहतो. गाडीतही दोन तक्रारी एकदम आल्या की त्या दोघींत सामाईक काय आहे ते आधी शोधावे.

या सेन्सरला हीटर का लागतो हे समजले की पुढची तपासणी सोपी होते. नेहमीच्या प्रकारात झिर्कोनियम डायऑक्साइड या सिरॅमिकचा छोटा भाग असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ थर असतो. एका बाजूने इंजिनमधून आलेला धूर वाहतो आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची स्वच्छ हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या प्रमाणात जी तफावत असेल तिच्यानुसार सेन्सर स्वतःच व्होल्टेज निर्माण करतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले, म्हणजे ते रिच झाले, की धुरात ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही आणि व्होल्टेज ०.८ ते ०.९ पर्यंत चढते. पेट्रोल कमी पडले, म्हणजे मिश्रण लीन झाले, की ते ०.१ च्या आसपास उतरते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा हे आदर्श प्रमाण जिथे साधते, तिथे हे व्होल्टेज ०.४५ च्या जवळून झपाट्याने वरखाली होते. ईसीएम याच उडीकडे पाहून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. मात्र हे सिरॅमिक साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय कामच करत नाही. १९७६ साली बॉशने बनवलेला असा सेन्सर व्होल्वोच्या गाडीत प्रथम आला, तेव्हा तो तापण्यासाठी फक्त धुराच्या उष्णतेवर अवलंबून होता. सेन्सरच्या पोटात विजेचा हीटर पुढे आला आणि त्यामुळे गाडी सुरू झाल्यावर थोड्याच वेळात सेन्सर कामाला लागू लागला.

कोडची भाषाही एकदा नीट पाहून घ्यावी. ‘बँक १’ म्हणजे इंजिनची ती बाजू जिच्यात पहिला सिलिंडर आहे; आपल्याकडच्या तीन किंवा चार सिलिंडरच्या सरळ रांगेतल्या इंजिनांना एकच बाजू असल्यामुळे तिथे बँकेचा प्रश्नच येत नाही. ‘सेन्सर १’ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणाऱ्या डब्याच्या, आधी बसतो आणि मिश्रणावर लक्ष ठेवतो, तर ‘सेन्सर २’ कन्व्हर्टरच्या नंतर बसून मुख्यतः कन्व्हर्टरवरच नजर ठेवतो. पी०१३० ते पी०१३५ हे कोड पुढच्याचे, पी०१३६ ते पी०१४१ मागच्याचे. एवढे माहीत नसेल तर भलताच सेन्सर काढला जातो.

भारतात १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड देण्याच्या यंत्रणेची, सक्ती झाल्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे सॉकेट असतेच. त्यात लावायचे ब्लूटूथ अडॅप्टर स्वस्तात मिळते आणि फोनवरचे ॲप बाकीचे काम करते. सेन्सर निदानाला हे पुरेसे आहे, फक्त एक पथ्य पाळावे लागते : कोड पाहिल्या पाहिल्या पुसू नये. कोडबरोबर ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची एक नोंद साठवलेली असते, जिच्यात कोड पडला त्या क्षणीचे इंजिनचे तापमान, आरपीएम, वेग, लोड आणि फ्यूएल ट्रिम हे आकडे असतात. कोड पुसला की ही नोंदही जाते. गॅरेजमध्ये ‘कोड मारून बघू, परत आला तर पाहू’ असे म्हणतात, तेव्हा सर्वात उपयोगी पुरावा सर्वात आधी फेकून दिला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या गाडीच्या फ्रीझ फ्रेममध्ये इंजिन थंड होते, गाडी जागेवर उभी होती आणि ती नुकतीच सुरू झाली होती. हीटरच्या कोडला हे साजेसेच होते. लाइव्ह डेटामध्ये पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज सुरुवातीला बराच वेळ ०.४५ च्या जवळ निश्चल राहिले, जे बऱ्याच गाड्यांत ईसीएमनेच तारेवर ठेवलेले व्होल्टेज असते. नंतर धुराची ऊब पोहोचल्यावर ते व्यवस्थित वरखाली होऊ लागले. म्हणजे सेन्सरचे मोजमाप करणारे अंग शाबूत होते आणि फक्त त्याला तापवणारे अंग बंद होते. पाम बीच मार्गावर एका वेगाने गाडी चालवली तर हा दोष जाणवतही नाही, कारण तिथे धुराची उष्णताच पुरते. पण घरापासून स्टेशनपर्यंत आणि परत एवढ्यासाठी गाडी काढणाऱ्याला तो महाग पडतो, कारण सेन्सर जागा होईपर्यंत ईसीएम ठरावीक तक्त्यावरून अंदाजाने पेट्रोल देत राहतो आणि प्रवास तेवढ्यात संपतो. ‘गाडी तर बरी चालते, ॲव्हरेज तेवढे कमी झाले आहे’ अशी जी तक्रार ऐकू येते, ती या दोषाला तंतोतंत लागू पडते.

यानंतर मल्टिमीटर. सेन्सरला सहसा चार तारा असतात. त्यांपैकी एकाच रंगाच्या दोन, बहुधा पांढऱ्या, हीटरच्या असतात आणि उरलेल्या दोन सिग्नलच्या व त्याच्या अर्थच्या. इंजिन थंड असताना कपलर सोडवून सेन्सरच्या बाजूने त्या दोन तारांमधला रोध मोजला. बरोबर आकडा प्रत्येक बनावटीचा वेगळा असतो आणि तो गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा, पण निरोगी हीटर काही ओहम दाखवतो आणि तुटलेला हीटर अनंत दाखवतो, इतका फरक कोणालाही ओळखता येतो. माझ्या गाडीचे दोन्ही हीटर निरोगी निघाले. मग गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये टेस्ट लॅम्प लावून इंजिन सुरू केले, तर तो पेटलाच नाही. इथे साध्या मल्टिमीटरपेक्षा टेस्ट लॅम्प बरा, कारण गंजलेल्या, एखाद्या धाग्यावर टिकलेल्या तारेवरही मीटर बारा व्होल्ट दाखवू शकतो, पण तिच्यातून दिवा नीट पेटण्याइतका करंट जात नाही. दोन्ही हीटरांना बारा व्होल्ट एकाच फ्यूजमधून मिळतात आणि ईसीएम अर्थची बाजू चालूबंद करून त्यांचे नियंत्रण करतो. फ्यूज उघडून पाहिला, तो उडालेला होता.

फ्यूज बदलून गाडी बाहेर काढणे हा मोह इथे होतो. पण फ्यूज विनाकारण उडत नाही आणि तो का उडाला हे कळल्याशिवाय नवा टाकणे म्हणजे पुढचा दिवा लागण्याची वाट पाहणे होय. पावण्याच्या एमआयडीसीतल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर घेतली, तेव्हा मागच्या सेन्सरकडे जाणारे वायरिंग ज्या प्लॅस्टिक क्लिपने वर धरलेले असते ती क्लिप तुटलेली आणि वायरिंग सायलेन्सरच्या पाइपावर टेकलेले आढळले. एका तारेवरचे आवरण वितळून तांबे पाइपाला लागत होते. खड्डे आणि स्पीड ब्रेकर यांनी क्लिप तोडली असावी हा अंदाज, पण आवरण पाइपाने वितळवले हे डोळ्यांना दिसत होते. वितळलेला तुकडा गाडीच्या हार्नेसमधला, म्हणजे कपलरच्या अलीकडचा होता, म्हणून तो कापून नवी तार क्रिंप करून जोडता आली आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवता आली. हीच जखम सेन्सरच्या स्वतःच्या तारांना असती तर मी डाग देऊन जोडण्याच्या विरोधात राहिलो असतो, कारण अनेक सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा या तारांच्या आतल्या धाग्यांमधल्या फटींतूनच मिळते. सोल्डर, ग्रीस किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर तिथे शिरले की ती वाट बुजते. नवी क्लिप, नवी तार आणि त्याच अँपिअरचा नवा फ्यूज यांचा एकत्रित खर्च सेन्सरच्या एस्टिमेटशी तुलना करण्याच्याही योग्यतेचा नव्हता. आमच्या भागात याच कोडचे आणखी एक नेहमीचे कारण म्हणजे पार्किंगमधले उंदीर. बॉनेटखाली लेंड्या दिसल्या तर आधी तारा पाहाव्यात, सेन्सर नंतर.

हीटरचे कोड तरी सेन्सर आणि त्याचे वायरिंग एवढ्याच आवाराभोवती फिरतात. पी०१७१ आणि पी०१७२ यांची गोष्ट वेगळी आहे. पहिला सांगतो की मिश्रण फार लीन आहे, दुसरा सांगतो की ते फार रिच आहे. हे कोड सेन्सरच्या साक्षीवरून पडत असल्यामुळे साक्षीदारालाच बदलण्याची प्रथा पडली आहे. आमच्या शेजारच्या विंगमधल्या काकांनी तेच केले होते. बाहेरून बसवलेले सीएनजी किट, पी०१७१, पुढचा सेन्सर नवा, आणि काही दिवसांत दिवा पुन्हा हजर. ‘अरे, सेन्सर तर कोरा टाकलाय, आता अजून काय बदलायचं?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा काहीही न बदलता दोन-चार दिवस गाडी केवळ पेट्रोलवर चालवा आणि फ्यूएल ट्रिमचे आकडे पाहू, असे मी त्यांना सुचवले.

फ्यूएल ट्रिम हा या सगळ्या निदानाचा कणा आहे आणि दुर्दैवाने त्याबद्दल गॅरेजमध्ये सर्वात कमी बोलले जाते. मूळ तक्त्यानुसार द्यायच्या इंधनात सेन्सरचे ऐकून ईसीएमने किती टक्के वाढ किंवा घट केली, तो हा आकडा. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला हलतो आणि लाँग टर्म ट्रिम सवयीसारखा लक्षात राहतो. दोघांची बेरीज शून्याच्या आसपास, उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांच्या आत असेल तर सहसा काळजी नसते. ती अधिक वीस-पंचवीसकडे गेली तर ईसीएम पेट्रोल वाढवत असूनही धुरात ऑक्सिजन उरतोच आहे, असा अर्थ होतो. आता हा आकडा कधी वाढतो ते पाहावे. जागेवर उभ्या गाडीत तो मोठा असेल आणि अडीच हजार आरपीएमला कमी होत असेल, तर थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या, पुढे कुठेतरी बाहेरची हवा आत गळते आहे : फाटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी. गळणारी हवा साधारण तेवढीच राहते, पण रेस दिल्यावर एकूण हवा वाढल्याने तिचा वाटा घटतो, म्हणून असे होते. उलट उभ्या गाडीत आकडा ठीक आणि चढावर किंवा जोरात पळवताना तो वाढत असेल, तर इंधनच पुरेसे पोहोचत नाही. फिल्टर, पंप आणि दाब यांच्याकडे वळावे.

काकांच्या गाडीत पेट्रोलवर ट्रिम हळूहळू जागेवर आला. सीएनजीवर सपाट रस्त्याला तो सहन होण्यासारखा होता, पण बेलापूरला पारसिक हिलचा चढ चढताना तो वाढत गेला. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन आणि त्याला एका किलोमागे साधारण १७ किलो हवा लागते. तरीही सेन्सर उरलेला ऑक्सिजनच मोजत असल्यामुळे इंधन बदलले तरी त्याचा निवाडा बदलत नाही. म्हणून जो सेन्सर पेट्रोलवर खरे बोलतो आणि गॅसवर ‘लीन’ म्हणतो, तो दोन्हीकडे खरेच बोलत असतो. किटचा गॅस फिल्टर तेलकट चिखलाने भरलेला निघाला आणि तो बदलल्यावर चढावरचा आकडा खाली आला. जुना सेन्सर तोपर्यंत भंगारात गेला होता.

इथे इथेनॉलचाही हिशेब ठेवावा लागतो. शुद्ध पेट्रोलच्या १४.७ किलोच्या जागी इथेनॉलला एका किलोमागे साधारण ९ किलोच हवा पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त द्यावे लागते. दहा टक्के इथेनॉल धरून जुळवलेल्या गाडीत वीस टक्क्यांचे पेट्रोल पडले, तर माझ्या हिशेबाने ट्रिम साधारण चार टक्क्यांनी अधिककडे सरकावा. एवढ्याने कोड पडणार नाही. पण आधीच अधिक पंधरा-सोळावर तग धरून असलेल्या जुन्या गाडीला हे चार टक्के काठावरून पलीकडे ढकलू शकतात आणि मग दोष सगळा पेट्रोलवर जातो, फाटलेला व्हॅक्यूम पाइप मात्र तसाच राहतो.

सेन्सरला खरोखर फसवणारी दोन कारणेही आहेत. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा असेल किंवा गॅस्केट गळत असेल, तर धुराच्या ठोक्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर तिलाच लीन मिश्रण समजतो. सकाळी थंड इंजिनला टकटक असा आवाज येऊन गरम झाल्यावर तो बंद होत असेल, तर ही शक्यता आधी पाहावी. दुसरे कारण मिसिंग. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली की त्यातला न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि पेट्रोलचा वास येत असतानाही सेन्सर ‘लीन’ म्हणतो. म्हणून पी०३०० च्या घरातला, म्हणजे मिसिंगचा, कोड सोबत असेल, तर प्लग आणि कॉइल आधी, बाकी सारे नंतर.

मधल्या कोडांचे, म्हणजे पी०१३१ (व्होल्टेज फार कमी), पी०१३२ (फार जास्त), पी०१३३ (प्रतिसाद संथ) आणि पी०१३४ (हालचालच नाही) यांचे निदान थोडे कष्टाचे आहे, कारण तिथे सेन्सरही दोषी असू शकतो आणि परिस्थितीही. तेव्हा सेन्सरची थेट परीक्षा घ्यावी. गरम इंजिनवर लहानशी व्हॅक्यूम नळी क्षणभर काढली की मिश्रण लीन होते आणि व्होल्टेज लगेच खाली यायला हवे. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबला की मिश्रण क्षणभर रिच होऊन ते ०.८ च्या वर जायला हवे. जो सेन्सर दोन्ही टोके चटकन गाठतो त्याला दोष देऊ नये. जो एका टोकाला अडकून बसतो किंवा रेंगाळत जातो, त्याचे दिवस भरले आहेत. स्वस्त अडॅप्टर फार संथ असतात, म्हणून ही परीक्षा घेताना ॲपमध्ये सेन्सरचा एकच आकडा उघडा ठेवावा. शिवाय काही गाड्यांत पुढे वाइडबँड प्रकारचा सेन्सर असतो, त्याला ०.४५ व्होल्टचा हा नियम लागूच होत नाही, तिथे स्कॅनरवरचा लॅम्डाचा, म्हणजे प्रत्यक्ष हवा आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे हे सांगणारा, आकडा पाहावा.

पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर पुरेसे काम करत नसल्याचा कोड, आला की मागचा सेन्सर बदलणारे भेटतात. मागच्या सेन्सरचे व्होल्टेज स्थिर असणे हे चांगल्या कन्व्हर्टरचे लक्षण आहे आणि ते पुढच्याची नक्कल करत नाचू लागले की बातमी कन्व्हर्टरची असते. धुराची गळती नाही याची खात्री करून मगच त्या महागड्या निष्कर्षाकडे जावे.

सेन्सर खरोखरच गेला असेल, तर तो कशाने गेला हे त्याच्या टोकावर पाहावे. काळी काजळी असेल तर मिश्रण रिच आहे, आणि ते दुरुस्त केले नाही तर नव्याचीही तीच गत होईल. पांढरट थर असेल तर इंजिनवर वापरलेला चुकीचा सिलिकॉन सीलंट किंवा जळणारा कूलंट असू शकतो. सेन्सर काढताना इंजिन कोमट असावे, २२ मिलिमीटरचा खाच असलेला सॉकेट वापरावा आणि खाडीकाठच्या हवेत गंजलेल्या आट्यांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. नव्याच्या आट्यांना अँटिसीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारे मलम, लावताना ते टोकाला लागू देऊ नये. पीयूसी पास झाली म्हणून सेन्सर ठीक, हा समज मात्र सोडावा. पेट्रोल गाडीची ती चाचणी नळीतून बाहेर पडणारा धूर मोजते, ईसीएमला काही विचारत नाही.

काम झाल्यावर कोड पुसला की ईसीएमच्या ‘रेडिनेस’च्या, म्हणजे त्याने आपल्या चाचण्या पूर्ण केल्याच्या, खुणाही पुसल्या जातात आणि त्या पुन्हा भरेपर्यंत दुरुस्ती सिद्ध झाली असे म्हणता येत नाही. हीटरची चाचणी थंड इंजिन सुरू करतानाच होते, त्यामुळे माझ्या गाडीत तिची खूण रात्रभर गाडी उभी राहिल्यावर लगेच भरली. कन्व्हर्टरच्या चाचणीला मात्र गरम इंजिन आणि काही वेळ एकसारखा वेग लागतो, जो कचेरीच्या वेळेला ठाणे-बेलापूर रस्त्यावर मिळणे अवघड. ती खूण रविवारी सकाळी पाम बीच मार्गावरून वाशीला जाऊन आल्यावर भरली.